देणगी एकदाच, खर्च दरवर्षी

जूनचा शेवटचा आठवडा आला की गावोगावच्या सेवाभावी क्लबांमध्ये धांदल उडते. रोटरी असो वा लायन्स, त्यांचे वर्ष जगभर १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. नवा अध्यक्ष, नवा सचिव, नवा खजिनदार. हॉल ठरतो, पत्रिका छापल्या जातात, प्रांतपालांना स्टेशनवरून आणायला कोणाची गाडी जाणार यावर दोन बैठका होतात. पदग्रहणाच्या व्यासपीठावर मावळता अध्यक्ष नव्या अध्यक्षाच्या गळ्यात पदक घालतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात. त्याच सुमारास हॉलच्या मागच्या रांगेत जुना खजिनदार नव्या खजिनदाराच्या हाती एक पिशवी देत असतो. तिच्यात बँकांची दोन-तीन पासबुके, अर्धे वापरलेले पावतीपुस्तक, मुदत ठेवींच्या पावत्या आणि रबर बँड लावलेली बिले असतात. नवा खजिनदार ती पिशवी घरी नेतो आणि कपाटावर ठेवतो. दोन महिन्यांनी ऑडिटरचा फोन येतो तेव्हा ती खाली उतरते.

क्लबच्या पिशवीशी आपला काय संबंध, असे सभासद नसलेल्या वाचकांना वाटेल. पण संबंध असतो. शेजारच्या काकूंच्या आग्रहामुळे क्लबच्या नाटकाची दोन तिकिटे आपण घेतलेली असतात. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा क्लबच्या केंद्रातून वॉकर आणलेला असतो. कोणाच्या मुलीला दहावीत क्लबचे पारितोषिक मिळालेले असते, तर कोणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला पंगत न घालता पाच हजार रुपये क्लबकडे दिलेले असतात. हे सगळे पैसे त्या पिशवीतच आहेत.

येथे विचार करायचा तो तीस-चाळीस सभासदांच्या छोट्या क्लबचा. त्याला स्वतःचे कार्यालय नसते, पगारी कारकून नसतो. खजिनदार म्हणजे दिवसभर दुकान किंवा दवाखाना सांभाळून रात्री जेवणानंतर कीर्द लिहिणारे कोणी सद्गृहस्थ, किंवा मुलांचा अभ्यास आटोपल्यावर वही काढणाऱ्या इनरव्हील क्लबच्या एखाद्या भगिनी. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी सहसा शंका नसते. असे क्लब अडचणीत येतात ते बहुधा पैसे खाल्ल्यामुळे नव्हे. माणसे एका वर्षासाठी येतात आणि कामे मात्र दहा-दहा वर्षे चालवायची असतात, हे त्यांच्या अडचणीचे मूळ आहे.

पहिली गोष्ट म्हणजे क्लबला दोन खिसे असतात. एक सभासदांच्या पैशाचा. वर्गणी, प्रवेश फी, बैठकीच्या जेवणाचे पैसे, आणि गमतीने केलेले दंड यात जमा होतात. लायन्समध्ये तर दंड करण्यासाठी 'टेल ट्विस्टर' नावाचा स्वतंत्र पदाधिकारीच असतो. उशिरा आला, कोटाला बिल्ला लावला नाही, की काढा दंड. त्याला स्वतःला दंड करायचा झाला तर मात्र हजर असलेल्या सर्व सभासदांचे एकमत लागते. दुसरा खिसा जनतेच्या पैशाचा. नाटकाची तिकिटे, स्मरणिकेतील जाहिराती, देणग्या यांचे पैसे त्यात पडतात. लायन्सचा नियम याबाबत स्वच्छ आहे. जनतेकडून जमवलेला पैसा जनतेच्याच कामी लागला पाहिजे. त्यातून तो जमवण्याचा प्रत्यक्ष खर्च तेवढा वजा करता येतो. पदग्रहणाचे जेवण, पाहुण्यांची शाल, प्रांताच्या परिषदेचा प्रवास हे सर्व पहिल्या खिशातून.

कागदावर हे सोपे आहे. व्यवहारात बँकेत खाते एकच असले की दोन्ही पैसे एकमेकांत मिसळतात. नाटकाचे पन्नास हजार नुकतेच जमा झालेले असतात, वर्गण्या निम्म्याच आलेल्या असतात आणि केटररचे बिल समोर असते. "तूर्त यातून देऊ, वर्गणी आली की भरून टाकू," असे ठरते. ती वर्गणी येईपर्यंत जून उजाडतो. म्हणून दोन खिशांची दोन खाती असावीत, ही अनुभवी खजिनदारांची पहिली अट असते आणि ती रास्त आहे.

पहिल्या खिशावर एक असा भार आहे की ज्याची सभासदांच्या घरी फारशी कल्पना नसते. या आंतरराष्ट्रीय संघटनांची मध्यवर्ती वर्गणी डॉलरमध्ये ठरते. १९९० साली एक डॉलर सतरा-अठरा रुपयांना होता. २००० साली तो पंचेचाळीसच्या आसपास गेला आणि जुलै २०२२ मध्ये त्याने ऐंशीचा आकडा ओलांडला. म्हणजे डॉलरमधील वर्गणी एका सेंटनेही वाढली नसती, तरी तालुक्याच्या गावातील सभासदाला ती साडेचारपट पडली असती. आणि डॉलरमधली वर्गणीही मधूनमधून वाढतच आली आहे. त्यातच प्रांताची वर्गणी मिळवायची. मग स्थानिक कामासाठी वर्गणीतून उरते ते फारच थोडे. काही क्लब या टप्प्यावर वर्गणी न वाढवता दुसऱ्या खिशात हात घालतात, आणि काही सभासद राजीनामा देतात.

दुसरा घोटाळा कॅलेंडरचा. क्लबचे वर्ष जुलै ते जून, तर आपल्या देशात संस्थेच्या हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च. एक उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षाच्या हिशेबात पहिले तीन महिने एका अध्यक्षाचे, पुढचे नऊ दुसऱ्याचे. त्याचे ऑडिट होते २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिसऱ्या अध्यक्षाच्या काळात. मे महिन्यातील नेत्रशिबिराच्या मांडववाल्याची पावती सापडत नाही म्हणून तिसरा खजिनदार पहिल्याला फोन करतो. पहिला खजिनदार तोवर मुलाकडे बंगळुरूला गेलेला असतो. यात लबाडी कोणाचीच नाही. पण ज्याने खर्च केला त्याला उत्तर द्यावे लागत नाही आणि ज्याला उत्तर द्यावे लागते त्याने खर्च केलेला नसतो. यावर उपाय अगदी घरगुती आहे. ३१ मार्चला एक आणि ३० जूनला एक, असे दोन वेळा हिशेब बांधायचे आणि जूनचा हिशेब दोन्ही खजिनदारांनी समोरासमोर बसून सही करून घ्यायचा-द्यायचा. एका रविवारच्या दुपारचे काम आहे.

आता दुसऱ्या खिशाकडे वळू. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो भरण्याची रीत पार बदलली. १९८०-९० च्या दशकात मराठी गावांतील क्लबांचा मोठा आधार होता तो नाटकाचा. मुंबई-पुण्याच्या नाटकाचा एक प्रयोग ठरावीक रकमेला विकत घ्यायचा, देणगी प्रवेशिका सभासदांनी वाटून घ्यायच्या आणि घरोघर खपवायच्या. सोबत स्मरणिका निघायची. तिच्यात लेख चार आणि 'शुभेच्छुक' म्हणून अर्ध्या पानाच्या जाहिराती चाळीस. त्या जाहिराती कोणी वाचण्यासाठी देत नसे. क्लबमधल्या डॉक्टरांना औषधवाल्याने आणि बांधकाम कंत्राटदाराला सिमेंटवाल्याने दिलेला तो मान असे. घराघरात दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आल्या, प्रयोगाचे दर वाढले, आणि ही रीत हळूहळू मागे पडली. तिच्यात एक गोष्ट मात्र चांगली होती. शे-दीडशे घरांतून थोडे थोडे पैसे येत, आणि त्या घरांना क्लब काय करतो हे ठाऊक असे.

२०१४ नंतर दुसरा मार्ग उघडला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. क्लबांना वाटले, आता घरोघर फिरणे संपले. काही ठिकाणी खरोखरच मोठी कामे झाली. पण कंपनीचा पैसा ठरलेल्या प्रकल्पासाठी, ठरलेल्या मुदतीत येतो, आणि प्रत्येक रुपयाच्या विनियोगाचा दाखला मागतो. १ एप्रिल २०२१ पासून अशी कामे करणाऱ्या संस्थेला कंपनी खात्याकडे वेगळी नोंदणीही करावी लागते. शिवाय कंपनी बहुधा यंत्र देते. यंत्र चालवणाऱ्याचा पगार पुढची आठ वर्षे ती देत नाही.

नेमके इथेच छोट्या क्लबचे खरे दुखणे सुरू होते. ते समजून घ्यायला जवळजवळ प्रत्येक गावात दिसणारे एक काम बघू: रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, डोक्याकडून उचलता येणारा पलंग. घरात कोणी अंथरुणाला खिळले की या वस्तू दोन-तीन महिन्यांसाठी लागतात आणि विकत घेणे परवडत नाही. त्या मिळाल्या की घरातल्या बाईचा निम्मा ताण उतरतो. क्लबने केलेल्या अनेक झगमगीत कामांपेक्षा हे काम मोलाचे आहे.

समजा, कोणी आईच्या स्मरणार्थ पन्नास हजार रुपये दिले आणि क्लबने त्यातून वीस वस्तू घेतल्या. उद्घाटन झाले, फीत कापली, भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागली. प्रत्येक वस्तूला हजार रुपये अनामत आणि महिना शंभर रुपये भाडे ठेवले. सगळ्या वस्तू घरोघर गेल्या की बँकेत अनामतीचे वीस हजार रुपये जमतात. हे पैसे क्लबचे नाहीत. ते वीस घरांचे आहेत आणि वस्तू परत आली की परत द्यायचे आहेत. पण पासबुकात तसे लिहिलेले नसते. तिथे फक्त 'शिल्लक वीस हजार' दिसते. पुढच्या वर्षीचा उत्साही अध्यक्ष ती शिल्लक पाहतो आणि शाळेत वह्यावाटप करतो. वह्या वाटल्या हे वाईट नाही. पण ऑक्टोबरमध्ये एक म्हातारे गृहस्थ पत्नीची व्हीलचेअर परत घेऊन येतात, पावती दाखवतात, आणि केंद्रावरचा माणूस त्यांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो. त्यांचे हजार रुपये मग नव्याने आलेल्या कोणाच्या तरी अनामतीतून दिले जातात. फसलेल्या भिशीत असेच होते.

भाड्याचा हिशेबही मांडून पाहावा. वीस वस्तू बाराही महिने बाहेर राहिल्या तर वर्षाला चोवीस हजार. तसे कधी होत नाही. काही वस्तू पडून असतात, गरिबाला भाडे माफ करावे लागते. निम्मे आले तरी पुष्कळ, म्हणजे बारा हजार. सकाळ-संध्याकाळ तासभर येऊन वस्तू देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाला महिना हजार रुपये दिले तरी तेवढेच संपले. व्हीलचेअरचे चाक, हवेच्या गादीची मोटर, वॉकरचे रबरी बूट यांना पैसा कोठून आणायचा? वस्तू पाच वर्षे टिकल्या असे धरले, तर सहाव्या वर्षी नव्या घेण्यासाठी दरसाल दहा हजार बाजूला पडायला हवेत, आणि तेही किंमती वाढणार नाहीत असे मानून. ताळेबंदात यालाच घसारा म्हणतात. ऑडिटर तो लिहितो; पण लिहिल्याने पैसा साठत नाही. ताळेबंदातला आकडा कमी होतो, इतकेच. त्या रकमेची खरोखरीची मुदत ठेव केली तरच सहाव्या वर्षी नवी गादी येते. बहुतेक ठिकाणी ती केलेली नसते. म्हणून आठव्या वर्षी केंद्राला कुलूप दिसते आणि आत तीन चाकांच्या खुर्च्या.

"सेवा म्हणवता आणि भाडे घेता?" असा टोमणा केंद्राला नेहमी ऐकावा लागतो. तो अन्यायाचा आहे. फुकट नेलेली वस्तू परत येत नाही, हा सर्वांचा अनुभव. रुग्ण बरा होतो किंवा जातो, खुर्ची जिन्याखाली पडून राहते, तिच्यावर जुनी वर्तमानपत्रे साठतात, आणि दुसऱ्या घरातला रुग्ण वाट पाहत राहतो. महिना शंभर रुपये भाडे हे त्या खुर्चीला परत यायला लावते. ज्याला खरोखर परवडत नाही त्याला माफ करण्याचा अधिकार केंद्रप्रमुखाला द्यावा आणि माफीची नोंद वहीत ठेवावी. सरसकट फुकट मात्र नको.

देणगीदारांनाही एक सांगण्यासारखे आहे. पन्नास हजार द्यायचे मनात असेल तर सगळ्याच्या वस्तू घ्यायला लावू नयेत. तीस हजारांच्या वस्तू आणि वीस हजार देखभालीसाठी ठेव, असे लेखी सांगावे. दुरुस्तीच्या ठेवीची पाटी भिंतीवर लागत नाही, हे खरे. पण पाटी लावलेली खुर्ची चालत राहावी असे वाटत असेल तर पैसे तिथेच लागतात. रुग्णवाहिका आणि शववाहिका यांना तर हे दसपटीने लागू आहे. गाडी देणारा दाता मिळतो. ड्रायव्हरचा पगार, विमा आणि टायर देणारा शोधून सापडत नाही.

आता ठेवीचा विषय निघालाच आहे. 'कायम ठेव' हा आपल्याकडचा फार जुना आणि लोभस प्रकार. कोणाच्या तरी स्मरणार्थ एक रक्कम बँकेत ठेवायची आणि व्याजातून दरवर्षी पारितोषिक द्यायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बँका मुदत ठेवीवर बारा-तेरा टक्क्यांपर्यंत व्याज देत. एक लाखाच्या ठेवीवर वर्षाला बारा हजार येत, आणि त्यात चार गरीब मुलींचा कॉलेजचा खर्च निघे. दहाच वर्षांत, २००३-०४ च्या सुमारास, व्याज पाच-सहा टक्क्यांवर आले. लाख तेच, हाती आले सहा हजार. महागाई मात्र थांबली नाही. आयकर खात्याने २००१-०२ साली १०० धरलेला महागाईचा निर्देशांक २०२४-२५ साली ३६३ वर पोहोचला. म्हणजे २००१ साली लाख रुपयांत जेवढे काम होत होते तेवढ्याला आता तीन लाख त्रेसष्ट हजार लागतात. मुद्दलाला हात न लावूनही तीन चतुर्थांशाच्या जवळपास मुद्दल नाहीसे झाले. गावोगावच्या शाळांत अजूनही काही पारितोषिके अशी आहेत की त्यांच्या व्याजात डझनभर वह्याही येत नाहीत, आणि बक्षीस घेणाऱ्या मुलीला व्यासपीठावर पाकीट उघडू नकोस असे सांगावेसे वाटते.

यावर उपाय आहे, पण तो कोणालाच आवडत नाही. सर्व व्याज वाटून टाकायचे नाही. सात टक्के व्याज आले तर तीन-चार टक्के वाटायचे आणि उरलेले मुद्दलात मिळवायचे. पहिल्या वर्षांत पारितोषिक लहान वाटते. देणगीदाराच्या मुलांना ते कमीपणाचे वाटते. पंधरा वर्षांनी मात्र पारितोषिकाला अर्थ उरलेला असतो. कधी कधी मोह उलट्या बाजूनेही होतो. व्याज कमी पडते म्हणून खजिनदार दोन टक्के जास्त देणाऱ्या पतसंस्थेत ठेव हलवतो. विश्वस्त संस्थेचा पैसा कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच ठेवावा लागतो, हे एक. आणि बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, ते पतसंस्थेतील ठेवीला नाही, हे दुसरे.

कायम निधीच्या बाबतीत अमेरिकेतील एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. आर्च क्लम्फ नावाचे गृहस्थ १९१३ साली क्लीव्हलँड शहराच्या रोटरी क्लबचे अध्यक्ष होते. क्लबला पुढे मोठी कामे करायची तर आतापासून राखीव निधी हवा, असे त्यांनी तेव्हाच मांडले. १९१७ साली ते साऱ्या रोटरी संघटनेचे अध्यक्ष असताना अटलांटाच्या अधिवेशनात त्यांनी जगात चांगले काम करण्यासाठी कायम निधी उभारावा असे सुचवले. पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. ती होती साडेसव्वीस डॉलर! १९२८ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांत, निधी जेमतेम पाच हजार डॉलरच्या पुढे गेला. त्या वर्षी त्याला 'रोटरी फाउंडेशन' हे नाव मिळाले. पहिले अनुदान दिले गेले १९३० साली, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला, पाचशे डॉलरचे. १९४७ साली रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ सुरू झाला तेव्हा कुठे तो निधी मोठा झाला. मधली तीस वर्षे कोणी तरी तो नुसता सांभाळत होते. दरवर्षी बदलणाऱ्या अध्यक्षांपैकी एखाद्याला तो खर्चून टाकण्याचा मोह झाला असता, तर आज पोलिओविरुद्धच्या मोहिमेत दिसणारे ते फाउंडेशन उभेच राहिले नसते.

"आपले पैसे अमेरिकेला कशाला पाठवायचे?" हा प्रश्न आजही छोट्या क्लबांच्या बैठकीत निघतो. प्रश्न वावगा नाही. फाउंडेशनच्या वार्षिक निधीला दिलेला पैसा सुमारे तीन वर्षे गुंतवून ठेवला जातो आणि नंतर त्यातला जवळपास निम्मा भाग त्याच प्रांताच्या कामांसाठी उपलब्ध होतो. अडचण एवढीच की ज्या अध्यक्षाने पाठवला त्याच्या वर्षात तो परत येत नाही. त्याच्यानंतरच्या तिसऱ्याचा फोटो येतो. ज्या क्लबात हे चालवून घेतले जाते तिथे बाकीचे हिशेबही बहुधा ठीक असतात.

कायद्याच्या बाबतीत थोडक्यात. पुष्कळ क्लब देणग्यांसाठी स्वतंत्र धर्मादाय न्यास नोंदवतात. क्लबचे पदाधिकारी दरवर्षी बदलले तरी विश्वस्त काही वर्षे तेच राहतात, हा त्याचा मोठा फायदा. महाराष्ट्रात संस्थेचे विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळ बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला की बँक आणि देणगीदार दोघेही अडवतात. देणगीदाराला करात सवलत देणारी मान्यता, जिला लोक 'ऐंशी जी' म्हणून ओळखतात, ती पूर्वी एकदा मिळाली की चिंता नसे. २०२१ पासून ती मुदतीची झाली. २०१७-१८ या वर्षापासून दोन हजारांवरील रोख देणगीला सवलत मिळत नाही. देणगीदारांची यादी दरवर्षी आयकर खात्याला ऑनलाइन कळवावी लागते आणि त्यानंतर निघणारे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. तेव्हा पावती क्लबच्या नावाची आहे की न्यासाच्या, हे देणगी देतानाच पाहून घ्यावे.

आणखी एक गैरसमज येथेच काढून टाकलेला बरा. "शिल्लक ठेवली तर कर लागतो," असे म्हणून मार्च महिन्यात न्यासाचे पैसे घाईघाईने उडवले जातात. कायदा तसे सांगत नाही. उत्पन्नाचा पंधरा टक्के भाग न खर्चता ठेवता येतो. बाकीचाही, कारण आणि मुदत वेळेवर लेखी कळवून, पाच वर्षांपर्यंत साठवता येतो. म्हणजे सहाव्या वर्षीच्या व्हीलचेअरसाठी साठवायला कायद्याची आडकाठी नाही.

अलीकडे आणखी एक प्रश्न पुढे येऊ लागला आहे. काही छोट्या क्लबांत नवे सभासद येत नाहीत. जुने साठी-सत्तरीचे झाले, मुले पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी. आठ-दहा जण उरतात आणि एके दिवशी क्लब बंद करण्याचा विचार निघतो. तेव्हा पैशाचे काय? सभासदांच्या खिशातले उरलेसुरले सभासद ठरवतील तसे खर्चता येते. न्यासाच्या पैशाला आणि वस्तूंना मात्र सभासदांना हात लावता येत नाही. त्या तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे द्याव्या लागतात आणि त्यासाठी ठराव, मंजुरी, ऑडिट हे सर्व करावे लागते. पलंग आणि खुर्च्या सरकारी रुग्णालय किंवा वृद्धाश्रम आनंदाने घेतो. पारितोषिकाची ठेव शाळेच्या नावावर करता येते, फक्त मूळ देणगीदाराचे पत्र सापडले पाहिजे. सर्वांत अवघड जाते ती अनामत. केंद्राची जुनी रजिस्टरे काढायची, कोणाकडे काय गेले आणि काय परत आले ते ताडून पाहायचे, फोन लावायचे. निम्मे नंबर बदललेले असतात. कोणी म्हणते, आई गेली, खुर्ची घेऊन जा, हजार रुपये तुमच्याच कामाला ठेवा. कोणी पावती जपून ठेवलेली असते आणि ती घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे राहते. त्यांचे पैसे त्या वेळी खात्यात असावे लागतात.